कुंदा, ती मान नव्हती

कुंदा,

तुझ्या तेराव्याला आलेल्या निम्म्या लोकांनी मला सांगितलं, की बिचारीला मानेचा फार त्रास होता हो. मी हो हो म्हणत राहिले. शेवटी तुझ्या त्या ठाण्याच्या चुलतसासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मानेनेच गेली बाई." तेव्हा मात्र मी ताटावरून उठले. चांगलं दिसलं नाही ते. तुझे सुधाकरराव माझ्याकडे बघत राहिले. पण मी आणखी थोडा वेळ बसले असते तर त्या म्हातारीला काहीतरी बोलून गेले असते, आणि तू तिची किती बडदास्त ठेवायचीस ते मला ठाऊक आहे.

मानेने कुणी जात नाही, कुंदा. तू हार्ट अटॅकने गेलीस. सकाळी, चहा होत असताना. आणि त्या वेळी तुझ्या मानेखाली गरम पाण्याची पिशवी होती. तुझ्या नवऱ्याने ती तुझ्याच सांगण्यावरून ठेवली होती. दातांची डॉक्टर तू, इतकी वर्षं प्रॅक्टिस केलेली बाई, आणि छातीतून निघालेली कळ मानेवर शेकत बसलीस. मला तुझा इतका राग आलाय की धड रडूही येत नाही.

आधी माझं सांगून टाकते, म्हणजे तुला मला शिव्या द्यायची मोकळीक मिळेल. तू गेलीस तेव्हापासून माझा डावा खांदा दुखतोय. मानेतून निघतं, खांद्यावर थांबतं, कधी कोपरापर्यंत येतं. तुला पोचवून सगळे परत आले, मी आंघोळ करून बसले, बाम चोळला आणि माझ्याच तोंडाने म्हटलं की मान आहे. म्हणजे बघ. तुझी राख थंड झाली नव्हती आणि मी तुझंच वाक्य उचललं होतं.

हिरूबायला ते दिसलं. आपल्या हिरूबायपासून काय लपणार? इतकी वर्षं ती वेसाव्याहून येते, सासूला मासळीबाजारात बसवून, आणि आपल्या दोघींच्या हातात अवजारं देते, पेशंटच्या तोंडातलं पाणी ओढायची नळी धरते. माझा हात खांद्याकडे गेला की ती बघते. दवाखाना बंद होता तेव्हा घरी येऊन बघायची. नंतर बोलायला लागली. त्याचं पुढे सांगते.

मला आधी एक हिशेब लावायचाय, कुंदा. तुझी कुठली कळ मानेची होती आणि कुठली नव्हती? झोपायला गेले की मी तेच करते. एकेक दुखणं उचलते, उलटसुलट करून बघते. ते कॉलेजातलं मानेचं. मरोळला दोघींनी दवाखाना सुरू केला तेव्हाचंही मानेचंच. आणि मग कुठेतरी मध्येच ते बदललं, आणि आपण दोघी पेशंटच्या खुर्चीवरून भांडत बसलो होतो.

कॉलेजातले आपले सर आठवतात? पाठमोरे चालत असले तरी ओळखू यायचे. उजवा खांदा खाली, मान एका बाजूला, जणू कुणीतरी कानात कागाळी करतंय. आपण मागे चालत त्यांची नक्कल करायचो आणि तू तर इतकी हुबेहूब करायचीस की एकदा त्यांनी वळून बघितलं तेव्हा तुझी मान तशीच राहिली होती. पुढे कित्येक वर्षांनी दादरला साड्यांच्या दुकानात तिन्हीकडून आरसे होते, तिथे मी पदर खांद्यावर टाकून बघत होते आणि तू मागून म्हणालीस, "नले, सर आले बघ." मी हसले, आणि मग तुला आरशापुढे उभं केलं. तूही तशीच. आपण साडी न घेताच बाहेर पडलो.

दात बघणाऱ्याने स्वतःचं दुखणं सांगायचं नसतं, हे आपल्याला कुणी शिकवलं नव्हतं, तरी आपण दोघी शिकलो. समोर माणूस कळवळत बसलेलं असतं. त्याला कोण सांगणार, की बाबा, तुझी दाढ बघता बघता माझी मान गेली. जुनी लोखंडी खुर्ची, पायाने पंप मारून वर करायची. पेशंट ताठ बसायचा आणि आपण त्याच्या उजव्या बाजूला उभ्या, कंबरेतून वाकून, मान वळवून त्याच्या तोंडात. सकाळी तू, संध्याकाळी मी, शनिवारी दोघी. तुझी मान माझ्यापेक्षा आधी गेली, कारण तू आरसा वापरायची नाहीस.

त्यावरून आपलं पहिलं भांडण. वरची मागची दाढ आरशात बघून कोरायची असते, म्हणजे मान खाली घालावी लागत नाही. सगळ्यांना शिकवतात तसं. पण तू वाकून, जवळजवळ उलटी होऊन, सरळ डोळ्यांनी बघायचीस.

"कुंदे, आरसा कशाला दिलाय?"

"दांडो बरो आसा तेचो. दात ठोकूक लागता."

"मान मोडून घेशील."

"नले, ह्यो वर्कशॉपातलो माणूस. आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीत बसलाय. माझा चेहरा दिसला नाय त्याका, तर तो तोंड मिटतलो. आरशात बघणाऱ्या डॉक्टरिणीचं नाकच दिसतं पेशंटला."

रागावलीस की तुझं मालवणी बाहेर यायचं आणि मध्येच पुन्हा मुंबईचं मराठी सुरू व्हायचं. तुझं म्हणणं खरंही होतं. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली ती दणकट माणसं तुझ्यापुढे मुकाट्याने तोंड उघडायची आणि माझ्यापुढे हात धरायची. मला ते कबूल करायला तेव्हा जड जायचं. आता करते.

आणखी एक कधी बोलले नाही ते आता बोलते. माझ्या मुलाच्या वेळी मी महिनोन् महिने घरी होते. डॉक्टरांनी हलायचंच नाही म्हणून सांगितलं होतं. तेव्हा सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा तू उभी राहिलीस. माझे पेशंट दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून. मी परत आले तेव्हा तू मान वळवायची नाहीस, सगळं अंगच वळवायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, "उशी बदलली." मला तेव्हाच कळलं होतं, की ही उशी नाही, हे माझं बाळंतपण आहे. पुढे मी नव्या खुर्चीचा एवढा हट्ट धरला, तुझ्याशी अबोला धरला, तो त्यासाठी. मला वाटायचं, हिला एकदा खाली बसवलं पाहिजे. तुला वाटायचं, नलूला नव्याची हौस. मी तुला तसं वाटू दिलं, कारण खरं सांगितलं असतं तर तू मला चिडवून हैराण केलं असतंस.

मग तो एक्स-रे. हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि म्हणाले, मणके झिजलेत, दोन तर चांगलेच. पट्टा दिला गळ्याला. तो पट्टा घालून तू दवाखान्यात आलीस तेव्हा पेशंट विचारायचे, "काय हो, पडलात?" तू म्हणायचीस, "नाही, फाशी चुकली." पण त्या एक्स-रेने घात केला, कुंदा. त्यानंतर तुझं जे काही दुखेल ते सगळं त्या फिल्मवर जमा व्हायला लागलं. डोकं दुखलं, मान. चक्कर आली, मान. हात जड झाला, मान. फिल्म खोटी नव्हती. मणके झिजलेच होते.

अखेर खुर्ची आली. घरोघरी रंगीत टीव्ही यायला लागले होते त्या सुमाराला. मागे रेलणारी, पेशंटला जवळजवळ आडवं करणारी, म्हणजे डॉक्टरने बसून, पाठ ताठ ठेवून काम करायचं. मी इतकी खूश होते की हिरूबायने तिला हळदकुंकू लावलं तर मी नारळही फोडला. तू दाराशी उभी राहून म्हणालीस, "आता वऱ्हाड बोलवा."

आणि पहिल्याच दिवशी वाट लागली. पाण्याचा पाइप आणि मोरी पूर्वीपासून जिथे होती, तिथेच खुर्ची बसवलेली. चकाल्याचे एक आजोबा आले. मी बटण दाबलं, ते हळूहळू मागे रेलायला लागले, छताकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे बघितलं, मग खिडकीकडे. आणि एकदम उठून बसले.

"अहो डॉक्टरीणबाई, दक्षिणेला पाय केलेत माझे! मला अजून न्यायचं नाहीये."

आपल्यापैकी कुणाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. ताठ बसलेल्या माणसाचे पाय कुठल्या दिशेला आहेत हे कोण बघतं? आडवा झाला की बघतात. पुढचा पेशंटही तेच. बायका तर आडव्या व्हायलाच तयार नव्हत्या, वर दक्षिणेला पाय म्हटल्यावर पदर सावरून उतरायच्याच. तू काय केलंस? तू मजेत खुर्ची सरळ केलीस, त्यांना ताठ बसवलंस आणि पुन्हा उभी राहून वाकलीस. नव्या खुर्चीवर जुनंच काम. मी फरशी फोडून पाइप वळवायचा म्हणत होते.

"सगळं फोडून टाक," तू म्हणालीस. "उद्या कोण म्हणतलो, वास्तूत दोष आसा. मगे भिंत पण पाड."

"मी तुझ्या मानेसाठी म्हणतेय."

"माझ्या मानेक काय धाड भरली नाय!"

हिरूबाय मध्ये उभी. तिने नळी खाली ठेवली आणि म्हणाली, "तुमी दोगी भांडा. मी चाय आनते." ती चहा घेऊन आली तोवर आपण बोलायच्या बंद झालो होतो, आणि त्या दिवसाचे उरलेले पेशंट आपण एकमेकींशी अवाक्षर न बोलता संपवले.

फरशी फोडली शेवटी. खुर्ची वळवली, पेशंटचे पाय पूर्वेला गेले, आणि लोक निमूटपणे आडवे व्हायला लागले. पण बसायला नीट स्टूल नव्हतं. खुर्चीबरोबर आलेलं उंच माणसाच्या मापाचं. तू बसलीस की पाय लोंबकळायचे. तेव्हा तुझे ते परब धावून आले, इस्टेटमधले वर्कशॉपवाले, तुझ्याच गावाकडचे. त्यांनी तुला लाकडी खोक्यांच्या चळतीवर बसवलं, एक खोका काढ, एक घाल, टाचा जमिनीला टेकतात का बघ. तू चळतीवर बसून म्हणत होतीस, "परबांनू, देवळातल्या देवीसारखी दिसतंय ना?" आणि ते गंभीरपणे म्हणाले, "देवी एवढी बडबडत नाय." त्यांनी बनवलेलं ते स्टूल, पाठीला आधार, खाली चाकं, आटे फिरवून उंची कमीजास्त होणारं. त्यावर बसून तू पहिली दाढ भरलीस आणि उठताना मानेला हात लावला नाहीस. मी ते पाहिलं. त्या दिवशी मी घरी जाऊन श्रीखंड आणवलं, कुणाला कारण सांगितलं नाही.

काही महिने चांगले गेले. ते महिने मला दिलेस त्याबद्दल, कुंदा, मी तुझी फार ऋणी आहे. तू मान वळवून माझ्याकडे बघायला लागली होतीस. नुसती मान, सगळं अंग नाही.

आणि मग डावा खांदा आला.

इथेच मी अडकते. तुझं जुनं दुखणं उजवीकडचं होतं. मानेची उजवी बाजू, पाठीत उजव्या फऱ्याखाली. हे डावीकडे होतं. मी म्हटलं, "कुंदे, हे नवीन आहे." तुझ्याकडे उत्तर तयार होतं. बसून काम करायचं म्हणजे आरसा वापरावाच लागतो, आणि आरसा डाव्या हातात, कोपर हवेत.

"हा तुझा आरसा, नलू. उजवा बरा केलास, डाव्याची वाट लावलीस."

किती पटण्यासारखं होतं ते! मलाही पटलं. म्हणून मी काय म्हटलं? म्हटलं, तू कोपर उचलतेस, कोपर अंगाला लावून धर, स्टूल खाली घे. मी परबांना बोलावून तुझं स्टूल बोटभर खाली करून घेतलं. तू म्हणालीस, खुर्चीच भिकार आहे. मी म्हटलं, तुझी बसायची पद्धत भिकार आहे. रोज. पेशंट गेला की सुरू. तुला स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावर धाप लागायला लागली तेव्हाही तू म्हणालीस, पट्टा घालून नीट श्वास घेता येत नाही. पट्टा तर तू केव्हाच सोडला होतास. ते आत्ता लिहिताना माझ्या लक्षात येतंय.

एकेक कळ उचलून बघते आणि त्या सगळ्यांवर आपल्या भांडणाचे ठसे आहेत. आपण दोघी खुर्चीचा खटला लढवत होतो. मला खुर्ची बरोबर ठरवायची होती, तुला चूक.

आता तुझा शेवटचा शनिवार. तो लिहायचा टाळत होते.

शेवटचा पेशंट गेला. पंखा पूर्ण वेगात होता आणि तरी तुझ्या कपाळावर घाम होता. हिरूबाय अवजारं उकळत होती. तू स्वतःच जाऊन खुर्चीत बसलीस.

"नले, जरा दाढ बघ गो."

"कुठली?"

"खालची, डावी. शेवटची, नायतर तिच्या आधीची. नीट कळत नाय."

मी दिवा ओढला. बघितलं. कीड नाही, हिरडी छान. आरशाच्या दांड्याने ठोकून बघितलं, एकेक दाढ. तू म्हणालीस, नाही, नाही, ही पण नाही. बर्फाचा खडा लावला. नेहमीइतकंच गार लागलं तुला. तू आडवी होतीस, मी परबांच्या स्टुलावर ताठ बसले होते, जसं बसायला पाहिजे तसं, आणि तुझ्या तोंडात बघत होते.

"काही नाहीये दाढेला. दात आवळून झोपत असशील."

"मग मानेतूनच येता वाटतं."

"मानेतूनच."

एवढंच झालं. तू उठलीस, पदर सारखा केलास, हिरूबायला म्हणालीस सोमवारी येताना बोंबील आण. सोमवारी तिने आणलेही. मंगळवारी तू नव्हतीस.

आणि कुंदा, हे तुला कळत नव्हतं असं म्हणू नकोस. तोंडी परीक्षेत मला तोच प्रश्न आला होता आणि मी गडबडले होते. बाहेर येऊन रडत होते तर तू मला भर व्हरांड्यात खडसावलंस, "छातीचं दुखणं खालच्या जबड्यात येतं, बहुतेक डाव्या, एवढं पाठ होत नाही तुला?" तुला येत होतं ते. तेव्हापासून मलाही येतं. मग त्या शनिवारी त्या खोलीत, दोन डॉक्टर आणि एकीचीही जीभ का उचलली नाही? मला वाटतं, बाई होतीस म्हणून. पंचेचाळिशीही गाठली नव्हतीस म्हणून. आणि आपल्याला मान दुखायचीच इतकी सवय होती, की जबडा, खांदा, हात सगळं त्यातच धरून चालायचं. हातगाडी ओढणारा कुणी असता, त्याने तीच दाढ दाखवली असती, तर तू त्याला तिथल्या तिथे हार्टच्या डॉक्टरकडे पाठवलं असतंस. मीही पाठवलं असतं.

तू वरून म्हणत असशील, नलू, स्वतःला खाऊ नकोस. नाही खात. अर्धा दोष तुझा आहे आणि तो मी तुला दिल्याशिवाय राहणार नाही. तू जिन्यावरची धाप लपवलीस. तू घाम पुसलास. मंगळवारी पहाटेपासून तुला कसंतरी होत होतं असं सुधाकरराव सांगतात, आणि तू त्यांना म्हणालीस, "डॉक्टर कशाला, मीच डॉक्टर आहे." त्या माणसाने काय करायचं? त्याने पिशवी गरम केली. तो आता कुणाशी बोलत नाही, कुंदा. गॅसवरचा चहा त्यानेच उतरवला होता आणि कपात गाळत होता, तेवढ्यात तू गेलीस.

काल दवाखाना उघडला. एक मुलगी आली, इस्टेटमध्ये टेलिफोनवर बसते ती, वरची दाढ अर्धी कोरून ठेवली होतीस तू. मला ती पुरी करायची होती. दाढ कोरून झाली, सिमेंट कालवायला घेतलं आणि खांद्यातून ते निघालं. कोपरापर्यंत आलं. मी थांबले. मनगट झटकलं. पुन्हा कालवायला लागले.

हिरूबायने नळी बंद केली.

"डाक्टरीणबाय, चला."

"कुठे?"

"हार्टवाल्याकडं."

"मान आहे गं ती, हिरूबाय. नळी लाव."

"नाय लावनार."

"नळी लाव म्हणते ना."

"बाय पन हेच बोलायची. मान हाय, मान हाय." तिचा आवाज चढला. "तुमी जात नाय तवर मी कशाला हात लावनार नाय. पायजे तर कामावरनं काढा."

ती मुलगी तोंड उघडं ठेवून, गालात कापूस, कधी माझ्याकडे कधी हिरूबायकडे बघत होती. मी इतकी संतापले होते की हातातली सिमेंट कालवायची काच आपटणार होते. कुणावर संतापले होते ते मलाही सांगता आलं नसतं. शेवटी त्या मुलीने स्वतःच बोटाने कापूस काढला आणि म्हणाली, "जा ना ताई तुम्ही. मी येईन परत."

दाढेत तात्पुरतं सिमेंट भरलं आणि निघालो. रिक्षात हिरूबायने माझं मनगट धरलं होतं, मी पळून जाईन असं वाटून की काय. मला घाम फुटला होता आणि मी मनात म्हणत होते, गरम होतंय, उन्हं आहेत. आणि लगेच दुसरं मन म्हणत होतं, कुंदालाही गरमच होत होतं.

तुला खरं सांगू? मला दोन्हीची भीती वाटत होती. हार्ट निघालं तर माझा मुलगा अजून शाळेत आहे. आणि हार्ट नाही निघालं, तर एवढं सोपं होतं हे, रिक्षाने जाण्याइतकं, आणि ते आपण केलं नाही.

डॉक्टरांनी टेबलावर आडवं व्हायला सांगितलं. मनगटांना, घोट्यांना पट्टे, छातीवर गार चिकट जेली आणि रबरी फुगे. मी छताकडे बघत पडून राहिले. इतक्या लोकांना आडवं करताना मला कधी कळलं नव्हतं, आडव्या माणसाला डॉक्टरचा चेहरा किती शोधावा लागतो. त्यांचा चेहरा मशीनकडे होता. कागदाची पट्टी निघत राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"नॉर्मल आहे," ते म्हणाले. पुन्हा तपासलं, छातीला नळी लावली, मान दाबून बघितली, हात वर करायला लावला, तेव्हा मी ओरडले. "हे मानेतून येतंय. हृदय उत्तम आहे तुमचं."

मी विचारलं, "नक्की?"

"नक्की."

"पुन्हा एकदा कार्डिओग्राम काढता का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता पुन्हा काढला. भला माणूस. तोही नॉर्मलच आला.

बाहेर हिरूबाय बाकावर बसलेली, हात जोडून, डोळे मिटून. मला बघून उठली.

"झाला?"

"झालं."

"एवढ्यातच?"

"एवढ्यातच." आपल्या डब्यात अवजारं उकळायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

"काय बोलला?"

"काही नाही. मान आहे."

तिने दोन्ही हात कपाळाला लावले, मोठ्याने देवीचं नाव घेतलं, मला पोटाशी धरलं. बाकावरचे लोक बघायला लागले. मग तिचे हात सैल झाले. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"बायला आपन नाय आनला इकडं," ती म्हणाली.

"नाही आणलं," मी म्हटलं.

आम्ही दोघी रस्त्यावर येऊन उभ्या राहिलो. ती पदर तोंडाला लावून रडत होती. मी रिक्षा थांबवायला हात वर केला तर मानेतून खांद्यात, खांद्यातून कोपरात, तीच कळ गेली. चांगली सणसणीत. मी हात खाली घेतला नाही. तसाच वर धरून भर उन्हात उभी राहिले.

माझी नुसती मानच निघाली गं, कुंदा.